कापडाखालची हरळी

“मी इथून हलणार नाही. तुझी टेप टाकायची तर माझ्या पायांवरून टाक.”

अक्का परसाच्या बरोबर मध्यावर उभ्या होत्या. वय शहाऐंशी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दूर्वांची मूठ आणि नऊवारीखाली मुलाचे जुने पांढरे स्पोर्ट्स शूज. मी टेपचं टोक धरून उकिडवा बसलो होतो.

“आई, त्यांना मोजू तर दे,” त्यांचे चिरंजीव, म्हणजे सबनीस साहेब, पायरीवरून म्हणाले.

“मोजू दे की. मी कुठे नको म्हणतेय? आधी माझ्या दूर्वांचं काय करणार ते सांगू दे त्याला.”

ही गोष्ट नाशिकची, गंगापूर रोडची, नऊ वर्षांपूर्वीची. सबनीस साहेब सातपूरच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली, घरात ते आणि आई, दोघंच. साहेबांना गोल्फचा भारी नाद. पण गुडघे बोलायला लागले, देवळालीला खेळायला जाणं कमी झालं, तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की घराच्या परसातच हिरवं प्लास्टिकचं गवत टाकायचं, त्यात तीन भोकं करायची आणि संध्याकाळी हलकेच चेंडू ढकलत बसायचं. त्याला पटिंग ग्रीन म्हणतात. मी तेव्हा तिशीचा होतो. बाल्कन्या, शाळांची मैदानं, बॉक्स क्रिकेट अशी कृत्रिम गवताची कामं तीन वर्षं करत होतो आणि आपल्याला यातलं सगळं कळतं अशा तोऱ्यात फिरत होतो.

पटिंग ग्रीनमध्ये गवत हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. खरं काम असतं ते खाली. जमीन खणायची, तण मुळासकट काढायचं, धुमसाने ठोकून सपाट करायचं, त्यावर तण अडवणारं काळं कापड अंथरायचं. कापडाचे सांधे वीतभर एकावर एक घ्यायचे, खिळ्यांनी टाचायचे, मग दगडाची बारीक भुकटी, आणि मग गवत. कापडातून पाणी खाली जातं, पण तण वर येत नाही. निदान येऊ नये. हरळी मात्र महाचिवट. तिचं एक पेर जमिनीत राहिलं तरी महिन्याभरात कुठल्या तरी सांध्यातून डोकं काढते, आणि मग साहेबांचा चेंडू वाकडा जातो. सबनिसांच्या परसात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हरळीच हरळी होती. मी जिला हरळी म्हणत होतो, तिलाच अक्का दूर्वा म्हणत होत्या.

“औषध मारणार असशील,” अक्का म्हणाल्या.

“तणनाशक मारलं तर काम लवकर होतं, अक्का. नाहीतर खणत बसावं लागतं.”

“मग बस खणत. दूर्वांवर विष मारायचं नाही. आमच्या गणपतीला रोज याच जातात आणि माझ्या पोटातही याच जातात. खणून काढ, आणि त्यातल्या चांगल्या मला कुंड्यांत लावून दे.”

“हातानेच खणा, वाघचौरे,” साहेब म्हणाले. “आईला मी शब्द दिलाय.”

“हातानेच खणतो, साहेब. फूटभर खोल. एक पेर राहणार नाही.”

तेव्हा कुठे अक्का हलल्या. जाता जाता थांबून त्यांनी माझं नाव विचारलं. दशरथ, म्हटलं.

“दशरथ शब्दाला जागणारा होता हो,” त्या म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या.

त्या घरात तिसरं माणूस म्हणजे सुगंधाताई. स्वयंपाकाला होत्या, चौदा वर्षं. मखमलाबादहून सकाळी सातला यायच्या आणि चपला काढायच्या आधी परसात बसून दूर्वा खुडायच्या. एकवीस काड्यांची जुडी देवाला. दुसरी मूठभर धुऊन, वाटून, गाळून अर्धा कप रस अक्कांना, त्यांच्या पित्तावर. मी सोमवारी काम सुरू केलं तेव्हा पाहत होतो. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि बोटं आपली चालत होती. कोवळी तीन पानांची काडी तेवढी हातात राहायची, बाकी सगळं गळून पडायचं.

“न बघता कसं कळतं हो, ताई?”

“बोटांना कळतं, भाऊ. चौदा वर्षं खुडतेय. एखादं भलतं पान आलं तर बोट आपोआप मागे येतं,” त्या म्हणाल्या आणि मलाच चिडवलं, “तुम्हाला प्लास्टिकचं गवत न बघता ओळखता येतं का?”

सोमवारी संध्याकाळपर्यंत माझ्या दोन माणसांचं पाव परसही खणून झालं नाही. काळी माती, उन्हाने दगड झालेली, आणि खाली हरळीच्या मुळांचं जाळं. मंगळवारी एक जण बहिणीच्या लग्नाला निघून गेला. इकडे रविवारी साहेबांचे खेळगडी ग्रीन बघायला येणार होते, जेवणाचा बेत ठरला होता. तिकडे सिन्नरचा बॉक्स क्रिकेटवाला तासातासाला फोन करून माझं डोकं खात होता. मी दोन्हीकडे ‘होऊन जाईल’ म्हणून बसलो होतो. माझी ती जुनी खोड आहे.

मंगळवारी दुपारी अक्का झोपल्या होत्या, साहेब बाहेर गेले होते, राहिलेला माणूस जेवायला गेला होता. मी टेम्पोतून पाठीवरचा पंप काढला आणि पंधरा मिनिटांत अख्ख्या परसावर तणनाशक मारून मोकळा झालो. फक्त धुण्याच्या दगडामागचा एक पट्टा राहिला, तिथे पंपाची दांडी पोचत नव्हती.

आम्ही निफाडचे, द्राक्षवाले. पंप माझ्या पाठीवर पंधराव्या वर्षापासून आहे. आमच्या बागेत वडिलांची एक शिस्त होती. औषध मारलं की त्या ओळीच्या टोकाला लाल चिंधी बांधायची, आणि चिंधी सुटेपर्यंत घरच्या बाईमाणसानेसुद्धा पानाला हात लावायचा नाही. टेम्पोत चिंध्या होत्या. मी बांधली नाही. बांधली असती तर अक्कांनी सगळ्यात आधी तेच विचारलं असतं.

सुगंधाताई भांडी घेऊन बाहेर आल्या तेव्हा पंप अजून माझ्या पाठीवरच होता.

“काय मारताय, भाऊ?”

“पाणी, ताई. जमीन कडक आहे ना. मुळं मऊ पडली की खणायला सोपं जातं.”

“बरं झालं. काल दिवसभर दगड फोडल्यासारखा आवाज येत होता,” त्या म्हणाल्या, आणि मला चहा आणून दिला. मी तो प्यालो.

हे औषध लगेच दिसत नाही. गवत चार-पाच दिवस हिरवंगार राहतं, मग पिवळं पडायला लागतं. माझा बेत असा होता की दोन दिवस ते मुळांपर्यंत उतरू द्यायचं, गुरुवारी वरवर खरवडून काढायचं आणि कापड टाकायचं. खाली काय मरायचं ते अंधारात मरेल, कुणाला पत्ता लागणार नाही. सकाळच्या दूर्वांचं माझ्या लक्षात नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं लक्षात होतं. बुधवारी सुगंधाताईंच्या आधी, साडेसहालाच यायचं आणि मधोमध खणायला लागायचं, म्हणजे त्या दगडामागच्या दूर्वा घेतील, असं मी ठरवलं होतं.

बुधवारी पहाटे सिन्नरवाल्याचा फोन आला. त्याच्या मैदानावर गवताचे रोल येऊन पडले होते आणि उतरवून घ्यायला कुणी नव्हतं. म्हटलं, जाऊन पटकन मागे येतो. येताना मोहदरी घाटात ट्रक आडवा झालेला, गाड्या जागच्या हलेनात. सात वाजले, साडेसात झाले. साहेबांचा नंबर माझ्याकडे होता. एका फोनचं काम होतं. पण फोनवर सांगायचं काय? दूर्वांना हात लावू नका, म्हटलं की का लावू नका हा प्रश्न आलाच. मी मोबाईल दोनदा हातात घेतला आणि दोनदा खिशात टाकला. एक दिवस देवाला दूर्वा उशिरा जातील, आज कदाचित खुडणारही नाहीत, असं काहीबाही मनाशी बोलत बसलो.

पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. दार सताड उघडं आणि सुगंधाताई पायरीवर बसलेल्या.

“अक्कांना दवाखान्यात नेलं, भाऊ. उलट्यांवर उलट्या. घशात आग पडली म्हणत होत्या. मग डोळेच फिरवले.”

“काय खाल्लं त्यांनी?”

“काहीच नाही. रस तेवढा घेतला. आज जरा जास्तच दिला. त्याच म्हणाल्या, दोन दिवसांनी या दूर्वा जाणार, आज पेलाभर दे.”

“कुठल्या घेतल्या होत्या?”

त्यांनी हात करून दाखवलं. बरोबर मधल्या. तिथे खुडल्याची जागा दिसतसुद्धा होती.

दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता. टेम्पोत औषधाची बाटली होती, तिच्यावर सगळं छापलेलं होतं. ती डॉक्टरांच्या हातात द्यायची, एवढंच करायचं होतं. काय करायला हवं ते मला स्वच्छ कळत होतं. आणि मी जाऊन फावडं उचललं.

माझा माणूस म्हणाला, “शेठ, आज कशाला खरवडताय? उद्या करायचं होतं ना?”

“आजच करायचं,” म्हटलं.

दोन तासांत आम्ही वरचं सगळं गवत खरवडून पोत्यांत भरलं आणि पोती टेम्पोत टाकली. काळ्या कापडाचा पहिला रोल सोडला. मला त्या जमिनीवर एक पातं दिसायला नको होतं. पातं राहिलं असतं तर शनिवारपर्यंत पिवळं पडलं असतं.

दोन वाजता साहेब आले. एका सकाळीत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

“डॉक्टर म्हणतात, काहीतरी विषारी पोटात गेलंय. रक्तदाब सारखा पडतोय. सकाळी जे गवत वाटलं त्याचा नमुना आणायला सांगितलाय,” ते म्हणाले. मग परसाकडे बघून थांबले. “तुम्ही तर सगळं काढलंत.”

“हो, साहेब. दगडामागे थोडं आहे, तेच गवत.”

“वाघचौरे, तुम्हाला तणातलं कळतं. दूर्वांमध्ये विषारी काही असू शकतं का हो?”

हा प्रश्न त्यांनी मला विश्वासाने विचारला. बाटली टेम्पोत, वीस पावलांवर. ‘साहेब, माझं चुकलं’ एवढे तीन शब्द होते. ते घशापर्यंत आले होते हे मी शपथेवर सांगतो, पण त्या शपथेला आता काय अर्थ आहे.

“असतं, साहेब,” मी म्हणालो. “चीक येणारं एक बारकं तण असतं. हरळीतच वाढतं. नीट निवडलं नाही तर येतं सोबत.”

मी दगडामागे गेलो. पंपाचं पाणी न लागलेली, स्वच्छ हरळी मूठभर उपटली. तिथेच कोपऱ्यात ते चिकाचं तण होतं. त्याच्या दोन काड्या तोडून मी हरळीत घातल्या आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरून साहेबांना आणून दिलं.

साहेबांनी पिशवीतून ती काडी बाहेर काढली. सुगंधाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“सुगंधाबाई, हे आलं होतं का सकाळी हातात?”

“हे मी ओळखते, साहेब. हे मी घ्यायची नाही.”

“वाघचौरे म्हणतात, दूर्वांतच वाढतं ते.”

सुगंधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या पंपाचा विषय काढणार. पण त्या नजरेत संशय नव्हताच. त्या मला खरोखर विचारत होत्या.

“भाऊ, मी खुडलं तिथे होतं का हो हे?”

“होतं, ताई.”

त्यांनी उजव्या हाताची बोटं पदराला पुसली, परत परत पुसली.

“आज मी घाईत होते,” त्या म्हणाल्या. “त्यांनी पेलाभर मागितला म्हणून भराभरा खुडत गेले. आणि काल यांनी पाणी मारलं होतं ना, सगळं चकाकत होतं. म्हणून कळलं नसेल मला.”

“पाणी?” साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं.

“मुळं मऊ व्हायला मारलं होतं, साहेब.”

साहेबांनी मान डोलावली आणि पिशवी घेऊन ते गेले. माझी थाप त्या बाईंनीच माझ्यासाठी उभी केली होती, स्वतःच्या विरुद्ध. मी खाली बसून खिळे ठोकायला लागलो. सांधे वीतभर एकावर एक घेतले. इतकं काटेकोर कापड मी आयुष्यात कधी घातलं नव्हतं.

अक्का चार दिवस अतिदक्षता विभागात होत्या. त्या चार दिवसांत माझी काय गत झाली ते सांगण्यात अर्थ नाही. मला अक्कांची काळजी होती आणि माझीही होती, आणि कुठली जास्त होती ते मी तेव्हाही बघायला गेलो नाही. रविवारचा बेत अर्थातच रद्द झाला. तरी शनिवारी मी काम पुरं करून टाकलं. पुढे एका डॉक्टर मित्राला मी आडून विचारलं की असं कुणी तणनाशक मारलेलं खाल्लं आणि डॉक्टरांना माहीत नसलं तर काय होतं. तो म्हणाला, उपचार बहुतेक तेच झाले असते. त्या ‘बहुतेक’ला मी नऊ वर्षं धरून बसलो.

अक्का वाचल्या. आठव्या दिवशी घरी आल्या. आवाज मात्र कायमचा बसला, असं ऐकलं.

सुगंधाताईंना साहेबांनी काढलं नाही. अक्का धोक्याबाहेर आहेत असं कळलं त्या दिवशी त्यांनीच काम सोडलं. मी उरलेलं सामान टेम्पोत चढवत होतो तेव्हा फाटकापाशी भेटल्या. हातात पिशवी होती, तिच्यात घरात घालायच्या चपला आणि एक ॲप्रन.

“येते, भाऊ. बरं झालं तुम्ही ओळखलंत ते,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मी रोज तेच देत बसले असते.”

मी मान हलवली. म्हणजे मी ते आभार घेतले.

त्यानंतर माझा धंदा चांगला वाढला. चाळीसेक ग्रीन केले असतील. सबनीस साहेबच लोकांना माझं नाव सांगायचे. तीन वर्षांनी अक्का गेल्या, पेपरात फोटो पाहिला. मी भेटायला गेलो नाही, साहेबांना मेसेज पाठवला. सुगंधाताईंचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत साहेबांचा फोन आला. गवत झिजलंय, बदलून द्या, तुमच्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देणार नाही. मी दोन आठवडे टाळाटाळ केली. शेवटी गेलो.

माणसांनी जुनं गवत गुंडाळलं, भुकटी ओढून बाजूला केली आणि कापड एका टोकाने उचललं. साहेब काठी घेऊन जवळ आले आणि वाकून बघायला लागले. खाली काळी माती, घट्ट, गुळगुळीत. एक मूळ नाही, एक काडी नाही.

“बघा,” साहेब माझ्या माणसांना म्हणाले. “नऊ वर्षं. देवळालीत मी सगळ्यांना सांगतो, आमच्या वाघचौऱ्यांनी हाताने खणलंय. फूटभर खोल. याला म्हणतात काम.”

मी माणसांना चहाला पाठवलं आणि गवताच्या गुंडाळीवर बसलो. मग सांगितलं. पंप, चिंधी, घाट, पोती. आधी काय बोललो, नंतर काय बोललो ते आठवत नाही, पण सगळं सांगितलं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं.

“पिशवीत ती काडी होती ना पण?”

“मी घातली होती, साहेब. दोन.”

साहेब पायरीवर जाऊन बसले. परसाकडे बघत बोलायला लागले, माझ्याशी बोलत होते की नाही कुणास ठाऊक.

“आई शेवटपर्यंत म्हणायची, सुगंधाच्या हातून ते होणार नाही. त्या बसलेल्या आवाजात रोज तेच. मी म्हणायचो, आई, तो जाणकार माणूस आहे, त्याने डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं नाव सांगून मी तिला गप्प करायचो. तीनदा बोलावणं धाडलं तिने सुगंधाला. एकदा तर दारात रिक्षा पाठवली. ती आली नाही. मग मी आईला म्हणालो, बघ, तिचं तिलाच माहीत आहे, म्हणून येत नाही. त्यानंतर आईने तिला बोलावणं धाडलं नाही.”

मी काही बोलायला गेलो. साहेबांनी हात वर केला.

“हे सगळं गुंडाळा आणि जा. परत इथे येऊ नका,” ते म्हणाले. मी फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, “मखमलाबादलाच असते ती. मुलाकडे. आधी तिच्याकडे जा.”

रस्त्याने मी एकच गोष्ट घोकत होतो. आपण दिलं ते दुःख परत घेता येत नाही, पण एक चांगली गोष्ट त्यांना देता येईल. अक्कांनी एक दिवसही त्यांच्यावर संशय घेतला नव्हता, हे सांगायचं. त्याच्या जोरावर मी ते घर शोधलं, नाहीतर अर्ध्या वाटेतून मागे फिरलो असतो.

सुगंधाताई ओट्यावर बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. मला बघून क्षणभर विचारात पडल्या, मग हसल्या.

“गवतवाले भाऊ ना तुम्ही? बसा. पाणी आणते.”

पाणी आणलं. मी ते हातात धरून सगळं सांगितलं. या वेळी क्रम चुकला नाही. पिशवीतल्या दोन काड्यांचं सांगितलं तेव्हा सुगंधाताईंनी डोळे मिटले आणि उघडले.

“पाणी नव्हतं ते?”

“नाही, ताई.”

“मी अजून दुसऱ्याच्या घरात चूल पेटवलेली नाही, भाऊ. सुनेला म्हणते, मी चिरते, पण तू एकदा बघून घे.” हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. नुसतं सांगितलं.

मला बसवेना. मी घाईघाईने ती जपून आणलेली गोष्ट पुढे केली. म्हटलं, “ताई, अक्कांनी हे कधीच खरं मानलं नव्हतं. साहेबांनी आत्ताच सांगितलं मला. शेवटपर्यंत म्हणत होत्या, सुगंधाच्या हातून होणार नाही. म्हणून तर तीनदा बोलावलं तुम्हाला.”

तोवर सुगंधाताई सावरून बसल्या होत्या. हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. हात ओट्यावर टेकून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग बघणंही सोडलं.

“मला वाटलं, माफ करायला बोलावतायत,” त्या म्हणाल्या. “कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून गेले नाही मी.”